किती आयांचं बियाणं?

कुमाऊं आणि गढवालच्या डोंगरांत भांग पिढ्यान्‌पिढ्या लावली गेली ती धाग्यासाठी आणि बियांसाठी. सालीच्या धाग्याचे दोर, पोती आणि भंगेला नावाचं जाडंभरडं कापड व्हायचं; बिया भाजून वाटल्या की चटणी होते, ती अल्मोड्याकडच्या जेवणात आजही असते. २०१८ मध्ये उत्तराखंडाने औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला, देशात तसा पहिलाच. अट अशी, की झाडातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, ०.३ टक्क्याच्या आत हवं. डोंगरातली बरीचशी स्थानिक झाडं या अटीत बसत नाहीत. फ्रान्स, हंगेरी, युक्रेनचे धाग्याचे वाण बसतात, पण ते ४५ ते ५० अक्षांशांच्या आसपास घडलेले. दिवस लहान होऊ लागला की भांग फुलते. युरोपातल्या उन्हाळ्यातल्या लांबलचक दिवसांची सवय असलेलं बी अल्मोड्याच्या साडेएकोणतीस अक्षांशावर पेरलं, की त्याला इथला दिवस आधीच आखूड वाटतो आणि पुरती उंची घेण्याआधीच ते फुलावर येतं. मग लांब धागा यायचा कुठून? कायद्याला हवा तो एक गुण तिकडच्या झाडात, आणि डोंगराला हवं ते बाकी सगळं इकडच्या झाडात, असा हा पेच आहे. अशा पेचावर वनस्पती-पैदाशीत शंभर वर्षं वापरात असलेला उपाय म्हणजे बॅकक्रॉस, मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा केलेला उलटा संकर. (मराठी वाचकाने इथे ताग किंवा अंबाडी डोळ्यांपुढे आणू नये. अंबाडीच्या शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ आहे ते पानं भांगेसारखी दिसतात म्हणून. बाकी दोघींचं नातं नाही.)

या उपायावर दोन माणसं भांडतात, आणि दोघांचंही ऐकण्यासारखं आहे. एक पैदासकार, ज्यांचं आयुष्य गहू-भाताच्या संकरांत गेलं. दुसरी बीजरक्षक, गावोगावचं देशी बी जमवून जपणारी. दोघं कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे कल्पित नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं: बॅकक्रॉस गुणाची बदली करतो, वाण स्थिर करत नाही. भांगेत ही दोन कामं वेगळी ठेवली नाहीत, तर डोंगरातलं बियाणं जाईल आणि हाती स्थिर असं काही लागणारही नाही.

पैदासकार: ताई, आधी हिशेब बघा. दाता वाण आणि मूळ वाण यांच्या पहिल्या संकरात दोघांचं निम्मं-निम्मं येतं. ती संतती पुन्हा मूळ वाणाशी संकरित केली की मूळ वाणाचा वाटा सरासरी ७५ टक्के होतो. पुढच्या वेळी ८७.५, मग जवळपास ९४, चौथ्या वेळी जवळपास ९७, सहाव्या वेळी ९९च्या वर. दर पिढीत एवढंच बघायचं, की आपल्याला हवा तो दात्याचा गुण घेतलेलं रोप कोणतं. अमेरिकेत हार्लन आणि पोप यांनी १९२२ मध्ये धान्यांसाठी ही रीत मांडली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डेव्हिसला ब्रिग्जनी गव्हावर काम सुरू केलं आणि काणी रोगाला दाद न देणारा गुण चालू वाणांत उतरवला. वाण जुनाच राहिला, फक्त काणी गेली. शेतकऱ्याला पेरणी बदलावी लागली नाही, गिरणीला पीठ बदलावं लागलं नाही. आपल्याकडचं उदाहरण स्वर्णा भाताचं. ओडिशाच्या एफआर-१३ए या जुन्या भातात पुराखाली तग धरण्याचा गुण होता. तो दोन-तीन उलट संकरांत स्वर्णामध्ये आला, आणि २००९ मध्ये भारतात स्वर्णा-सब-१ प्रसारित झाला. पंधरवडाभर पाण्याखाली राहूनही ते भात पुन्हा उभं राहतं. भांगेतही नशेचा प्रश्न मुळात एका जागेचा आहे. द मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं, की झाड टीएचसी करणार की सीबीडी, म्हणजे नशा न आणणारं द्रव्य, हे गुणसूत्रावरच्या एकाच जागेवरून ठरतं. त्या जागेचं एक रूप नशेचं, एक सौम्य. दोन्ही रूपं एकत्र आली तर झाडात दोन्ही द्रव्यं दिसतात. एका जागेचा प्रश्न असला की बॅकक्रॉससारखं नेमकं हत्यार दुसरं नाही.

बीजरक्षक: सर, तुमची सगळी उदाहरणं स्वपरागित पिकांची आहेत. गव्हाची ओंबी किंवा भाताची लोंबी स्वतःच्याच परागाने भरते. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालल्यामुळे स्वर्णाचं एक रोप म्हणजे स्वर्णाचं कुठलंही रोप. तिथे ‘मूळ वाण’ या शब्दाला अर्थ आहे, कारण मूळ वाण एक आहे आणि आतून शुद्ध आहे. भांगेत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि पराग वाऱ्याने जातो. एका शेतातल्या दोन माद्या सख्ख्या बहिणी असल्या तरी सारख्या नसतात. शिवाय प्रत्येक झाड आतूनही मिश्र असतं, त्याच्या बऱ्याच जागांवर बापाचं एक रूप आणि आईचं दुसरं. मग सांगा, उलटा संकर कुणाशी करणार? तुम्ही शेतातली सगळ्यात देखणी मादी निवडणार, फांदीच्या कलमांनी ती वर्षानुवर्षं जिवंत ठेवणार आणि दर पिढीला तिच्याशीच संकर करणार. चार पिढ्यांनी म्हणणार, की वाण ९७ टक्के मूळपदावर आला, स्थिर झाला. माझं म्हणणं, तो स्थिर झालेला नाही आणि त्या रस्त्याने कधी होणारही नाही.

इथे थांबून हिशेब करून बघण्यासारखा आहे, कारण सगळा वाद याच्यावर उभा आहे. समजा त्या देखण्या मादीत एका जागेवर दोन रूपं आहेत, मोठं ‘क’ आणि छोटं ‘क’. तिच्या निम्म्या बीजांडांत मोठं जाईल, निम्म्यांत छोटं. नराकडून मोठं आलं, तर निम्मी संतती मिश्र होईल. नराकडून छोटं आलं, तरी निम्मी संतती मिश्रच होईल. नर कुठल्याही पिढीचा असो, कितव्याही उलट संकरातला असो, उत्तर बदलत नाही: त्या जागेवर निम्मी संतती मिश्र. चार वेळा करा नाहीतर चाळीस वेळा करा, आई मिश्र आहे तोवर मिश्रपणा निम्म्याखाली उतरत नाही. गव्हात मूळ वाण शुद्ध असतो, म्हणून उलट्या संकराबरोबर शुद्धता आपोआप वाढत जाते. तिथे बदली आणि स्थैर्य ही दोन कामं एकाच फटक्यात होतात, आणि म्हणूनच ती दोन आहेत हे लक्षात येत नाही. भांगेत ती सुटी होतात. एकाच कलमी मादीशी तीनदा उलटा संकर करून ‘घन’ वाण तयार केला असं सांगायची रीत परदेशातल्या भांग-बियाण्याच्या बाजारात आहे. त्या रीतीत आईचा वाटा वाढतो हे खरं आहे, पण आईच डळमळीत असेल तर वाढतो तो डळमळीतपणाचा वाटा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय एका मादीपायी शेतातल्या बाकी सगळ्या माद्या वंशातून बाहेर फेकल्या जातात, ते नुकसान वेगळंच. परपरागित पिकात जवळच्या नात्यातले संकर वाढले की झाडं खुरटतात आणि बी कमी धरतात, हे मका पिकवणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

पैदासकार: हा मुद्दा मला मान्य आहे, आणि मी माझा शब्द दुरुस्त करतो. भांगेत मूळ वाण म्हणजे एक झाड नाही, मूळ वाण म्हणजे सगळं शेत. पण म्हणून रीत टाकायची गरज नाही, ती शेताच्या मापाने वापरायची. दर पिढीत स्थानिक बियाण्यातून नव्या शंभर-दोनशे माद्या घ्यायच्या. आदल्या पिढीतले सौम्य रूप बाळगणारे नर त्यांच्यात सोडायचे आणि बाकीचे नर फुलण्याआधी उपटायचे. गव्हात मला चिमट्याने एकेका फुलातले पुंकेसर काढावे लागत, मग त्यावर कागदी पिशवी चढवावी लागे. इथे निसर्गाने नर-मादी आधीच वेगळे करून ठेवलेत. पपईची बाग लावणाऱ्याला हे काम समजावून सांगावं लागत नाही. आणि ही नजरही आपल्याकडे जुनी आहे. १८९३-९४च्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालातल्या नौगावच्या पोद्दारांची नोंद आहे. हे लोक शेतातून फिरत आणि फूल उमलण्याआधी नर ओळखून काढून टाकत. पोद्दार ते गांजासाठी करत. आपल्याला तीच नजर उलट कामासाठी हवी आहे.

आणि स्थैर्य म्हणाल, तर ते मला सगळ्या झाडाचं नकोच आहे. एका जागेचं हवं आहे. दोन्ही रूपं असलेल्या झाडात दोन्ही द्रव्यं सापडतात, त्यामुळे सौम्य रूप कुठेही दडून बसत नाही. पानाच्या तुकड्यावरून, रोप वीतभर असतानाच, डीएनए तपासणीत ते ओळखता येतं. पहिल्या संकरानंतर चार उलट संकर झाले की ते रूप बाळगणारे नर आणि माद्या आपसांत सोडायचे. त्यांच्या संततीत एक चतुर्थांश रोपं दोन्हीकडून सौम्य निघतात. बाकीची तीन चतुर्थांश परागाच्या आधी काढली, की राहिलेल्या झाडांची सगळी संतती त्या एका जागेवर कायमची सौम्य, आणि बाकी हजारो जागांवर पूर्वीसारखीच मिश्र. दर साल एक पीक धरलं तर सहा वर्षांचं काम आहे.

बीजरक्षक: बाकी हजारो जागांवर पूर्वीसारखीच, असं तुम्ही म्हणता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, सर. टोमॅटोत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. रानटी टोमॅटोतून विषाणूला दाद न देणारा एक जनुक आणला होता. यंग आणि टँक्सली यांनी १९८९ मध्ये तपासलं, तेव्हा ११ उलट संकरांनंतर तयार झालेल्या एका वाणात त्या जनुकाबरोबर रानटी झाडाच्या गुणसूत्राचा आखा हात जसाच्या तसा बसलेला निघाला. तुमच्या सरासरीने तो कणभरही उरायला नको होता. सरासरी सगळ्या गुणसूत्रांची असते. जनुकाच्या शेजारपाजाऱ्यांना ती लागू नसते, कारण तुम्ही दर पिढीला त्या जनुकाला हात देऊन वर काढता आणि शेजारी त्याचा पदर धरून येतात. भांगेत तर नशेची ही जागा अशा पट्ट्यात आहे, जिथे गुणसूत्रांची अदलाबदल फार कमी होते. म्हणजे युरोपातला तो तुकडा लांबलचकच येणार. त्या तुकड्यात आणखी काय काय आहे ते डोंगराला विचारून ठरलेलं नाही.

दुसरं, एका वंशावर सगळं पीक उभं करण्याची सवय. अमेरिकेत मक्याच्या असंख्य वाणांत उलट्या संकराने टेक्सासचा एकच नर-वंध्य पेशीद्रव घातला गेला. १९७० मध्ये करपा आला, तेव्हा तिथला जवळपास ८५ टक्के मका त्या एका पेशीद्रवावर होता. देशाच्या पिकाचा सुमारे १५ टक्के हिस्सा त्यात गेला. आपल्याकडे बाजरीचे पहिले संकर टिफ्ट-२३-ए या एका अमेरिकी मादी वंशावर बेतलेले होते, आणि सत्तरच्या दशकात गोसावी रोगाने ती बाजरी बसवली. कणसाच्या जागी पानांचा झुपका आलेली ताटं ज्यांनी पाहिली, त्यांना एक वंश म्हणजे काय हे कळलं. बाजरीत दोष पेशीद्रवाचा नव्हता हे मला माहीत आहे. दोष होता सगळीकडे एकच आई असण्याचा.

बीजरक्षकाच्या या दोन आक्षेपांचं वजन सारखं नाही. दुसऱ्याला उत्तर आहे आणि ते सोपं आहे: आई नेहमी स्थानिकच ठेवायची. पेशीद्रव आईकडून येतो. दर पिढीत नव्या, वेगवेगळ्या गावांच्या माद्या घेतल्या आणि दात्याचा गुण फक्त नराच्या बाजूने आणला, तर युरोपचा पेशीद्रव या वाणात शिरतच नाही, आणि डोंगरात आहेत तेवढे पेशीद्रव त्यात राहतात. नरांच्या संख्येवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागेल. पैदासकार दोनशे माद्यांचा आकडा सहज सांगतात, पण वंशवैविध्याच्या हिशेबात दोनशे माद्या आणि दहा नर म्हणजे २१० झाडं नव्हेत. ती अडतीस झाडांच्या तोडीची ठरतात. नर पन्नास केले तर तोच आकडा १६० वर जातो. शेवटच्या पायरीला, जिथे सौम्य झाडं आपसांत सोडायची, ही काटकसर सगळ्यात महागात पडते, कारण त्यानंतर बाहेरून नवी आई येणार नाही. प्रत्येक रोपाच्या पानाची तपासणी खर्चाची असते, म्हणून नर कमी ठेवण्याचा मोह होतोच. तो खर्च हा या कामाचा गाभा आहे, वरखर्च नाही.

पहिल्या, म्हणजे जनुकामागून शेपटीसारख्या येणाऱ्या परक्या तुकड्याच्या आक्षेपाला मात्र पूर्ण उत्तर नाही, आणि पैदासकाराने ते आहे असं दाखवू नये. त्या पट्ट्यात अदलाबदल कमी होते, तर तुकडा लांब येणार. करता येण्यासारखी गोष्ट एकच आहे: एकाच दात्याऐवजी दोन-तीन वेगळ्या दात्यांकडून सौम्य रूप घ्यायचं, म्हणजे एकच परका तुकडा सगळ्या शेतात शिक्क्यासारखा उमटणार नाही. तुकडा आला म्हणून बदली फसते असंही नाही. २०२१ मध्ये ग्रासा आणि सहकाऱ्यांनी सीबीडीआरएक्स या भरपूर सीबीडीच्या झाडाचा संपूर्ण जनुकसंच वाचून दाखवला. त्यातला ८९ टक्के वाटा नशेच्या भांगेकडून आलेला होता आणि ११ टक्के धाग्याच्या भांगेकडून, पण त्या ११ टक्क्यांत सौम्य रूप होतं, आणि तेवढ्याने झाडाचं रसायन पालटलं. एका जागेची बदली भांगेत होऊ शकते याचा याहून उघड पुरावा नको. तिच्याबरोबर काय काय ओढलं जातं, त्याचं मापही याच आकड्यात आहे.

बीजरक्षक: समजा तुमची बदली झाली. पण ०.३ हा आकडा आला कुठून? कॅनडाचे अर्नेस्ट स्मॉल आणि अमेरिकेचे क्रॉन्क्विस्ट यांनी १९७६ मध्ये भांगेचं वर्गीकरण करताना ती रेघ ओढली. वनस्पतिशास्त्रज्ञाने सोयीसाठी ओढलेली रेघ पुढे देशोदेशीचा कायदा झाली. त्या रेघेसाठी आम्ही डोंगरातलं झाड का बदलायचं? कायदा बदला. आणि बदल करायचाच असेल, तर आधी घरात शोधा. शंभर गावांचं बी तपासलं आहे का? त्यातच कुठे सौम्य रूप सापडलं तर युरोपची पायरी चढायचीच कशाला?

पैदासकार: घरात आधी शोधायचं, हे शंभर टक्के खरं. सापडलं तर निवड पद्धतीनेच काम भागेल, उलट्या संकराची गरजही उरणार नाही, आणि मला त्याचा आनंदच होईल. पण कायदा बदलेपर्यंत डोंगरातल्या शेतकऱ्याने काय करायचं? अमली पदार्थांचा १९८५चा कायदा फुलोऱ्याला गांजा म्हणतो, त्यात टीएचसी किती हे तो बघत नाही. त्याच कायद्याचं कलम १४ धागा, बी आणि बागायतीसाठी लागवडीला वाट देतं. त्या वाटेने जाताना राज्याने ०.३ची रेघ धरली आहे. उद्या ती एक टक्का झाली, तरी आपल्या बियाण्यात काय आहे हे माहीत नसलेला शेतकरी तपासणीच्या दिवशी तसाच उघड्यावर पडेल.

या वादात माझा कौल पैदासकाराकडे आहे, एका अटीवर. सौम्य रूपाचं झाडही थोडं टीएचसी करतंच. सीबीडी घडवणारं विकर वीस-तीस भाग सीबीडीमागे साधारण एक भाग टीएचसी सांडतं. म्हणजे फुलात सीबीडी सहा-नऊ टक्क्यांवर गेलं, की सगळ्या शुद्धतेनिशी ०.३ची रेघ ओलांडली जाते. उन्हातान्हाचा ताण पडला म्हणून टीएचसी वाढलं, असं उत्पादक बऱ्याचदा सांगतात. पण कॉर्नेल विद्यापीठाच्या २०२०च्या कामात दिसलं ते असं, की दोष मुख्यतः वंशाचा असतो. तेव्हा धागा आणि बिया एवढंच ध्येय ठेवलं, ज्यात फुलातला एकूण रसच बेताचा असतो, तर एका जागेची बदली पुरते. औषधी तेलाच्या लोभाने राळभरली फुलं मागितली, तर त्याच बदलीवर पाणी पडेल. डोंगरातल्या वाणाने धाग्याचं आणि चटणीचंच राहावं, असं मला वाटतं.

बीजरक्षक: आणि वारा? भांगेचा पराग कोसाकोसांवर जातो. कुमाऊंत पायवाटेच्या कडेला, उकिरड्यावर रानभांग उगवते. तुमच्या सहा वर्षांच्या कामावर एका हंगामात नशेचा पराग येऊन पडेल. मग स्थिर काय राहिलं?

पैदासकार: त्या हंगामातलं पीक राहिलं, ताई. पराग कुणाचाही पडो, फुलाच्या भोवतालचं पातं आणि त्यावरची राळ ही आईच्या शरीराची. आई दोन्हीकडून सौम्य असेल, तर या वर्षी तपासणीला जाणारा फुलोरा सौम्यच येणार. बाहेरच्या परागाचा परिणाम दिसतो तो तिच्या बियांत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या रोपांत. म्हणून पिकाचं शेत आणि बियाण्याचं शेत वेगळं हवं. बियाण्याचं शेत रानभांगेपासून काही किलोमीटर दूर, एखाद्या बंद खोऱ्यात ठेवायचं आणि तिथली भेसळ रोपं पान तपासून काढायची.

हे उत्तर बरोबर आहे, पण त्याच्या पोटात एक वेगळा प्रश्न आहे आणि तो तंत्राचा नाही. दर वर्षी बियाण्याच्या शेताकडून बी घ्यायचं, तर ते शेत कुणाचं? महाराष्ट्राने या प्रश्नाचं एक उत्तर पाहिलेलं आहे. बीटी कपाशीचा जनुक अमेरिकेच्या कोकर-३१२ या वाणात होता. जालन्याच्या महिकोने उलट्या संकराने तो आपल्या संकरित वाणांच्या आईबापांत उतरवला, आणि २००२ मध्ये पहिले तीन वाण मंजूर झाले. तंत्र हेच, काटेकोरपणाही हाच. पण उलटा संकर ज्याच्याशी केला तो मूळ वाण खासगी संकरिताचा आईबाप होता, आणि संकरित कपाशीचं घरचं बी पुढच्या वर्षी आईसारखं येत नाही, म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला दर वर्षी पाकीट विकत घ्यावं लागलं. बॅकक्रॉसमध्ये दाता कोण याची चर्चा फार होते. कुणाला काय मिळणार हे मात्र मूळ वाण कोणता धरला त्यावर ठरतं. स्वर्णा-सब-१च्या नावात स्वर्णा आहे आणि जनुकाचं नाव आहे. ज्या धालपुतिया भातातून निवडून एफआर-१३ए तयार झालं, त्या ओडिशाच्या जुन्या वाणाचं नाव त्यात नाही. भांगेत गोष्ट उलट आहे. इथे दाता परका आहे आणि शेतकऱ्यांचा वाण मूळ आहे, म्हणजे शेवटी हाती येणाऱ्या बियाण्यात ९७ टक्के कुमाऊंच्या गावांचं असणार. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ याच्या कलम ४३ मध्ये शब्द स्पष्ट आहेत: शेतकऱ्यांच्या वाणातून मुख्यत्वे साधलेला नवा वाण करायचा, तर तो वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांची किंवा समुदायाची संमती लागते. उलट्या संकरातून निघालेला वाण म्हणजे अशा साधलेल्या वाणाचा ठळक नमुना. भांगेपुरता हा मुद्दा कागदोपत्री कसाही बसवला जावो, माझ्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की संमती आधी आणि संकर नंतर.

या दोघांपैकी कुणी दुसऱ्याला हरवावं, अशी माझी इच्छा नाही. त्यांनी एकत्र शेत लावावं, पैदासकाराने तपासणी सांभाळावी आणि बीजरक्षकाने माद्या निवडाव्यात. उत्तराखंडात हे काम जे कुणी हाती घेतील, सरकारी संस्था असो, विद्यापीठ असो की कंपनी, त्यांना माझी एक मागणी आहे. बियाण्याच्या पाकिटावर टीएचसीचा आकडा छापाल, उगवणक्षमता छापाल. त्याच्या शेजारी आणखी एक ओळ छापा: या बियाण्याच्या मागे स्थानिक माद्या किती होत्या आणि कोणत्या गावांच्या. आणि डोंगरातल्या शेतकऱ्याने ती ओळ वाचल्याशिवाय पाकीट फोडू नये.